अकरा तोटे आणि तीन फायदे

श्रीरंग एप्रिलमध्ये जबलपूरला आला, बायको विभावरी आणि नऊ वर्षांची स्वानंदी यांना घेऊन. निघताना पुण्यातल्या मित्रांना त्याने सांगितलं होतं, "सहा-आठ महिन्यांचं काम आहे, झालं की परत." बदली हा शब्द त्याने मुद्दाम टाळला होता.

त्याची कंपनी दवाखान्यांची बिलं तपासून विमा कंपन्यांकडे पाठवायचं काम करायची. पुण्यात माणसं टिकत नव्हती. वर्षभर शिकवून तयार केलेली मुलं पलीकडच्या इमारतीत जास्त पगारावर निघून जात. म्हणून मालकांच्या मनात होतं की एखाद्या मध्यम शहरात दीडशे माणसांचं ऑफिस काढावं. आधी जबलपूरला विजय नगरमध्ये बारा जणांचं छोटं ऑफिस सहा महिने चालवून बघायचं, आणि मग श्रीरंगने अहवाल द्यायचा. इथे येण्यात फायदे काय, तोटे काय.

बारा जणांत चैत्राली नावाची एक मराठी मुलगी होती. हैदराबादची नोकरी सोडून ती आईवडिलांजवळ राहायला परत आली होती. अधारतालच्या तिच्या घराचा वरचा मजला रिकामा होता, तो तिनेच श्रीरंगला सुचवला. खाली तिचे वडील विष्णुपंत, आई वीणाकाकू आणि ती, वर हे तिघं, असं बस्तान बसलं. विष्णुपंत संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचे वडील नागपूरकडून नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. गल्लीत अशी सात-आठ मराठी घरं होती आणि जवळजवळ प्रत्येक घरात दोनच वयस्कर माणसं उरली होती.

"पुऱ्या गल्लीत आमचीच एक वापस आली," विष्णुपंत भेटेल त्याला सांगत. "आता मोठं ऑफिस झालं ना, की बाकीच्यांची पण येतील पाहा."

विभावरी महिन्याभरातच रुळली. जवळच्या शाळेत तिला गणित शिकवायचं काम मिळालं. स्वानंदी गल्लीत खेळायला लागली आणि 'मी करून राहिले' असं बोलायला लागली, तेव्हा श्रीरंग तिला दर वेळी दुरुस्त करायचा. ऑफिसातून तो पंधरा मिनिटांत घरी पोचायचा. पुण्यात त्याला दीड तास लागायचा. पण तो वाचलेला वेळ त्याला खायला उठायचा. इथे आपल्याला कोणी ओळखत नाही, आपण मागे पडलो, असं त्याला वाटत राहायचं. लाइट गेली की तो म्हणायचा, "बघ, हे असं आहे." विभावरी म्हणायची, "अरे, वीस मिनिटांत येते." आणि यायची.

जूनमध्ये एक गोष्ट घडली. रस्त्याच्या खोदकामात ऑफिसची केबल तुटली आणि दुपारी बाराला इंटरनेट बंद पडलं. दोनशे दहा बिलं संध्याकाळी सहाच्या आत जायला हवी होती, नाहीतर विम्याची मंजुरी न मिळून तितके रुग्ण दवाखान्यांत अडकून पडले असते. श्रीरंग कपाळाला हात लावून बसला. तेवढ्यात चैत्राली आली.

"सर, आमच्या घरी चला ना. बाबांचं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं आहे. सब लोग वहीं बैठ जाएँगे."

आठ स्कूटरवर बारा जण अधारतालला आले. विष्णुपंतांनी हॉलमधला दिवाण भिंतीला सरकवला, सतरंज्या घातल्या, शेजारच्या दुबेजींकडून दोन टेबलफॅन आणले. वीणाकाकूंनी परातभर पोहे केले. कोणी भिंतीला टेकून, कोणी जिन्याच्या पायरीवर, कोणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलं. जेवायला घरी गेलेली दोन मुलं निरोप मिळताच अर्ध्या ताटावरून उठून आली होती. पावणेसहाला शेवटचं बिल गेलं. पुण्याहून उत्तर आलं, एकाही बिलात चूक नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विष्णुपंत दारात उभे राहून असे बघत होते, जणू घरात लग्न लागलं. श्रीरंगने त्या दिवशी पोह्यांच्या दोन बश्या संपवल्या. त्यालाही तेव्हा मनापासून आनंद झाला होता.

सप्टेंबरात तो बैठकीसाठी पुण्याला गेला. संध्याकाळी एका मित्राच्या नव्या घरी सगळे जमले होते. "अजून तिकडेच का रे?" एकाने विचारलं. "काही शिक्षा-बिक्षा झाली नाही ना?" सगळे हसले. श्रीरंगही हसला. पण त्याच्या हाताखाली काम केलेला एक मुलगा आता पुण्यातल्या मोठ्या विभागाचा प्रमुख होणार, अशी कुजबुज त्याने तिथेच ऐकली. दुसऱ्या दिवशी त्याचा वरिष्ठ सौमित्र म्हणाला, "जबलपूरचं जमत असेल तर तूच तिथला प्रमुख. निदान पाच वर्षं. आणि नसेल जमत तर परत ये, इथे तुझ्यासाठी जागा आहे. आम्हाला फक्त खरं काय ते लिही."

परत आल्यावर एका रविवारी दुपारी श्रीरंग अहवाल लिहायला बसला. विभावरी आणि स्वानंदी विष्णुपंतांबरोबर बरगीला धरण बघायला गेल्या होत्या. घर शांत होतं. त्याने दोन रकाने केले.

तोट्यांच्या रकान्यात अकरा मुद्दे झाले. विमानं कमी. लाइट जाते. कर्मचारी फोनवर इंग्रजी बोलताना अडखळतात. दुपारी जेवायला घरी जातात. अवघड आजाराला नागपूर गाठावं लागतं, त्यामुळे पुण्याचे अधिकारी इथे कुटुंब आणायला तयार होणार नाहीत. चौथा मुद्दा असा होता: 'जूनमध्ये केबल तुटल्याने ऑफिसचं इंटरनेट संपूर्ण दुपार बंद राहिलं, पर्यायी व्यवस्था नव्हती.' तिथे तो थांबला. पुढचं वाक्य त्याच्या मनात तयार होतं. त्याने ते लिहिलं नाही. ऑफिसची पर्यायी व्यवस्था नव्हती हे खरंच आहे, कोणाच्या घरचा हॉल म्हणजे काही व्यवस्था नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं. फायद्यांच्या रकान्यात तीन ओळी आल्या: जागा स्वस्त, प्रवास कमी, माणसं नोकरी लवकर सोडत नाहीत.

त्याने अहवाल दोनदा वाचला. एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याने तो पाठवून दिला. संध्याकाळी विष्णुपंत वर आले, बरगीहून आणलेले मासे घेऊन. "ताजे आहेत, आज रातीच करा," असं म्हणून ते गेले. श्रीरंगला त्या रात्री जेवण गेलं नाही. विभावरीला वाटलं, कामाचा शीण असेल.

महिन्याभराने निर्णय आला. जबलपूरचं ऑफिस नोव्हेंबरअखेर बंद. कर्मचाऱ्यांना पत्र मुख्य ऑफिसातून थेट गेलं आणि तिथल्या कोणीतरी त्याला श्रीरंगच्या अहवालाचा सारांशही जोडला, त्याच्या नावासकट. ज्यांना इंग्रजी कागद नीट वाचायचा कंटाळा, त्यांनी पहिलं पान वाचून सोडून दिलं. चैत्रालीने सगळा वाचला.

ती त्याच्या केबिनमध्ये आली आणि दार लावून घेतलं. तिच्या हातात छापलेला कागद होता.

"सर, पॉइंट नंबर चार."

श्रीरंगने कागदाकडे पाहिलं.

"मी चार वेळा वाचला. मला वाटलं, नेक्स्ट लाइन दुसऱ्या पेजवर असेल." तिने कागद उलटा करून दाखवला. मागची बाजू कोरी होती. "यात खोटं काहीच नाही ना सर. म्हणून मी कोणाला काही बोलू पण नाही शकत."

"चैत्राली, मी तुझं नाव पुण्यासाठी सुचवलंय. तुला तिथे..."

"मी पुण्यासाठी वापस नव्हती आली." तिचा आवाज चढला नाही. "एकच सांगते. बाबांना नका सांगू. त्यांना वाटून राहिलं, तुम्ही आमच्यासाठी खूप लढले. मंग कंपनीने ऐकलं नाही. तसंच राहू द्या."

ती गेल्यावर श्रीरंग केबिनच्या काचेशी येऊन उभा राहिला. बाहेर बाकीचे अकरा जण काम करत होते. ऑफिस बंद होणार हे कळूनही कोणी उठून गेलं नव्हतं. त्याला वाटलं, यातल्या कोणीतरी आत येऊन शिव्या घालाव्यात.

त्याच आठवड्यात विष्णुपंतांनी तिघांना खाली जेवायला बोलावलं. वीणाकाकूंनी पातोडीचा रस्सा केला होता, पुडाची वडी केली होती. चैत्राली वाढत होती. ती श्रीरंगच्या पानाशी आली की "आणखी घ्या ना, सर," म्हणायची, अगदी नेहमीसारखं.

जेवता जेवता विष्णुपंत म्हणाले, "विभावरीवहिनी, तुमच्या घरच्यांनी लई केलं आमच्यासाठी. चैत्राली म्हणे, सरांनी शेवटपर्यंत जोर लावला. नाही झालं, ते आमचं नशीब. पण पोट्टी म्हणत होती, पुण्यात पण नाव दिलं सरांनी तिचं. आजकाल कोण करतं बापा इतकं?"

विभावरीने नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. श्रीरंग पानाकडे बघत राहिला. चैत्राली पाण्याचा तांब्या भरायला म्हणून आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

वर आल्यावर विभावरीने विचारलं, "एवढा गप्प का होतास?" त्याने लॅपटॉप उघडून अहवाल तिच्यापुढे ठेवला. ती सावकाश वाचत गेली. चौथ्या मुद्द्याशी तिची नजर अडली. शेवटी तिने लॅपटॉप मिटला.

"आम्ही बरगीला गेलो होतो तेव्हा लिहिलास हा?"

"हो."

"तुला परत जायचं होतं, तर मला म्हणायचंस. आपण भांडलो असतो. कदाचित मी ऐकलंही असतं." तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "तू त्या बारा जणांना पुढे केलंस. त्यांच्यामागे लपलास."



दुसऱ्या दिवशी सकाळी चैत्राली बाहेर पडल्यावर तो खाली गेला. विष्णुपंत व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. वीणाकाकू देवळात गेल्या होत्या. श्रीरंगने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आपण लढलो नाही. अहवाल आपणच असा लिहिला, कारण आपल्याला पुण्याला परत जायचं होतं.

विष्णुपंतांनी पेपरची नीट घडी घातली. "बसा," ते म्हणाले. "तो कागद आहे का जवळ? वाचून दाखवा. मराठीत सांगा."

श्रीरंगने फोनवर अहवाल उघडला आणि एकेक मुद्दा मराठीत सांगायला लागला. स्वतःची वाक्यं मोठ्याने, त्या व्हरांड्यात, त्या माणसासमोर उच्चारताना त्याचा वेग कमी होत गेला. विष्णुपंत प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते. "बराबर आहे. लाइट तर जातेच... नागपूरचंही खरं आहे, मीच गेलो होतो डोळ्यासाठी... अंग्रेजीचं पण बराबर." चौथा मुद्दा आला तेव्हा त्यांनी मान हलवली नाही. श्रीरंग अकराव्यापर्यंत पोचून थांबला.

"त्या दिवशी सगळे इथं बसले होते. हॉलमध्ये. ते कुठं लिहिलं?"

"नाही लिहिलं."

"काहून?"

एवढंच विचारलं त्यांनी. आवाजात राग नव्हता, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं. श्रीरंगने तोंड उघडलं. पुण्यातल्या त्या घरातलं हसणं, प्रमुख होणारा तो मुलगा, पाच वर्षं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि यातलं काहीच या माणसाला सांगण्यासारखं नाही हे त्याला कळलं. विष्णुपंत उठले आणि आत गेले. आत नळ सोडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. ते परत बाहेर आले नाहीत.

त्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर श्रीरंगने सौमित्रला सविस्तर मेल लिहिली. जूनची दुपार लिहिली. घरी जेवायला जाणारी मुलं कधीही उशिरा आली नाहीत, हे लिहिलं. इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलांनी केलेल्या चुका पुण्यापेक्षा निम्म्याने कमी होत्या, तेही लिहिलं. तासाभरात सौमित्रचा फोन आला.

"अरे, आता दुसऱ्या शहरात जागेचा करार झाला. हे तेव्हा का नाही लिहिलंस?"

एकाच दिवसात दोन माणसांनी त्याला तेच विचारलं होतं. "चूक झाली," तो म्हणाला.

"चूक? श्रीरंग, तू बारा वर्षं लोकांची बिलं तपासतोयस. लपवलेलं आणि विसरलेलं यातला फरक तुला मी सांगायचा का?" मग तोच म्हणाला, "असो. तुझी इथली जागा पक्की आहे. माझ्याकडे दुसरा माणूस नाही, एवढंच त्याचं कारण समज."

संध्याकाळी चैत्राली त्याला पार्किंगमध्ये गाठायला थांबली होती.

"बाबांना सांगितलं तुम्ही."

"मला वाटलं, त्यांना अंधारात ठेवणं..."

"मी मना केलं होतं ना, सर?" तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "ते दुपारी जेवले नाहीत. आईने फोन केला मला. गल्लीत सगळ्यांना त्यांनी तुमचं नाव सांगून ठेवलं होतं. आता कोणी विचारलं तर ते काय बोलतील? तुम्ही तुमचं मन हलकं करून घेतलं. त्यांच्यावर टाकून दिलं." तिने हेल्मेट चढवलं. "और वो पुणे वाला, मेरा नाम हटवा दीजिए."

तोपर्यंत श्रीरंगला वाटत होतं की आपण निदान कबूल तरी केलं. त्या पार्किंगमध्ये तेवढाही आधार सुटला.

नोव्हेंबरअखेर ऑफिस बंद झालं. चैत्रालीने हैदराबादच्या जुन्या कंपनीत विचारलं आणि त्यांनी तिला लगेच घेतलं. ती गेली त्या दिवशी श्रीरंग वरच्या मजल्यावरच थांबला. खाली रिक्षात सामान चढवल्याचे आवाज येत होते. विभावरी आणि स्वानंदी निरोप द्यायला खाली गेल्या. तो गेला नाही, आपल्याला बघून त्यांचा निरोप बिघडेल म्हणून. विभावरीने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "मी आणि स्वानंदी मार्चपर्यंत इथेच. शाळेचं वर्ष मध्ये तोडणार नाही. पुढचं पुढे बघू." विष्णुपंतांनी घर सोडा असं एकदाही म्हटलं नाही.

डिसेंबरात श्रीरंग एकटा पुण्याला परत गेला. त्याला हवी होती ती खुर्ची मिळाली. दुपारी डबा खाताना नवे लोक विचारायचे, "जबलपूर कसं होतं?" तो विषय बदलायचा.

जानेवारीच्या शेवटी चार दिवसांची सुटी काढून तो जबलपूरला आला. मदन महाल स्टेशनवर उतरला तर समोर विष्णुपंत उभे, मफलर बांधून.

"वहिनींची शाळा आहे," ते म्हणाले. "त्यांना म्हटलं, मी जातो घ्यायला."

त्यांनी त्याची बॅग स्कूटरवर पायांशी ठेवली आणि रस्ताभर थंडीबद्दल बोलले. गल्लीत शिरताना दुबेजी फाटकात उभे होते. त्यांनी हात करून थांबवलं.

"अरे श्रीरंगजी! अच्छा हुआ आप मिल गए. हमारा लड़का गुड़गाँव से पूछ रहा है, वापस आ जाए क्या? घर से काम करने को मिल रहा है उसे. आप तो दोनों जगह रहे हैं. सच-सच बताइए."

विष्णुपंतांनी स्कूटर बंद केली. ते मागे वळले नाहीत. श्रीरंगला त्यांचा फक्त मफलर दिसत होता.

त्याला वाटलं, काहीतरी गुळमुळीत बोलावं आणि सुटावं. पण तो स्कूटरवरून उतरला. त्याने तोडक्यामोडक्या हिंदीत सांगायला सुरुवात केली. पगार तिकडे जास्त वाढेल. इकडे काही वर्षांनी मुलाला वाटेल की मित्र पुढे गेले, आणि ते फार टोचतं, मला टोचलं. मोठं आजारपण आलं तर नागपूरला पळावं लागेल. पण संध्याकाळी सहाला तो घरी असेल. आणि काम अडलं तर गल्लीतली माणसं स्वतःच्या घरचे पंखे काढून आणून देतील. तुम्हीच दिले होते. "मैंने ये बात एक जगह छुपाई थी," तो म्हणाला. "उससे इन लोगों का बहुत नुक़सान हुआ."

दुबेजींना शेवटचं नीट उमगलं नाही. "हाँ हाँ, पंखे का क्या है," ते म्हणाले. "तो बुला लूँ उसे?"

"ये उसी को तय करने दीजिए. बस, उसको सब कुछ बताइए."

विष्णुपंतांनी स्कूटर सुरू केली. श्रीरंग मागे बसला. फाटकाशी श्रीरंगने बॅग उचलली आणि वर जायला निघाला, तेव्हा ते म्हणाले, "चैत्रालीला सुटी नाही भेटली यंदा संक्रांतीला."

"हो. विभावरीने सांगितलं."

"होळीला येईन म्हणते." त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली. "तेव्हा तुम्ही नका येऊ."

"नाही येणार," श्रीरंग म्हणाला, आणि जिना चढायला लागला.